साडूची गाडी आणि लाल दिवा

परळच्या पुलावरून उतरताना डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलं आणि मला इतका आनंद झाला की मागून हॉर्न मारणाऱ्या टॅक्सीवाल्याला मी वाट दिली. एरवी मी कोणाला वाट देत नाही.

आनंदाचं कारण सांगतो. ही गाडी मी साडूकडून घेतली. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, बँकेतून निवृत्त, माटुंग्याला राहतो. मी दादरच्या फुटपाथवर पडद्याचं कापड विकत वर आलो. आज त्याच रस्त्यावर माझं दुकान आहे. भाव करणं हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. गाडीचा भाव मी साडूच्या दिवाणखान्यात बसून, त्याच्याच घरची साबुदाण्याची खिचडी खात असा पाडला, की शेवटी तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. इथपर्यंत ठीक. पण पुढे बारशात, मुंजीत, सत्यनारायणाला तो सांगत सुटला, 'गाडी मी शेठना जवळजवळ आहेर म्हणून दिली.' शेठ म्हणजे मी. आहेर! घासाघीस करून, घसा कोरडा करून मिळवलेल्या वस्तूला हा माणूस आहेर म्हणतो. मग मीही सांगायला लागलो की गाडीत खोट होती, म्हणून तर एवढी उतरवून दिली. पण गाडी मेली बिघडेल तर शपथ. माझ्याकडे आरोप होता, पुरावा नव्हता.

तो आता स्टिअरिंगच्या मागे लालभडक चमकत होता. चावी फिरवली की हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, एवढं मला माहीत होतं. चालत्या गाडीत तो लागला म्हणजे बॅटरी चार्ज होत नाहीये. मी एसी बंद केला, रेडिओ बंद केला आणि गाणं स्वतःच म्हणत गाडी लालबागच्या एका गल्लीत, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनच्या दारात नेऊन उभी केली. तिथूनच साडूला फोन लावला.

"साडूभाऊ, जेवलात का?"

"आत्ताच. काय झालं?"

"तुमचा आहेर बंद पडायला आलाय. लालबागला या. बघायला."

"शर्ट घालतो आणि निघतो," तो म्हणाला.

इलेक्ट्रिशियन मालवणचा, नुसत्या बनियनवर, दारात खुर्ची टाकून बसलेला, आणि स्वतःला सर्जन समजणारा. त्याने बॅटरीला मीटर लावला.

"बॅटरी तुमच्यापेक्षा बरी आसा," तो म्हणाला.

"मग अल्टरनेटर गेला असेल." इंजिन चालू असताना वीज बनवतो तो अल्टरनेटर. नवा घालायचा म्हणजे खिशाला चांगलाच खड्डा पडतो, त्यामुळे आरोप म्हणूनही तो शोभतो.

त्याने इंजिन सुरू करायला लावलं, पुन्हा मीटर पाहिला. "आकडो वर चढूक होयो, चढत नाय. वीज बनत नाय खरी. पण अल्टरनेटर गेलो असा मी म्हटलंय नाय."

"म्हणा ना."

"गेलो नसलो तर गेलो कसो म्हणू?"

"अर्धा गेलाय म्हणा. आधीपासून गेलेला, असं म्हणा. माझे साडू येतायत, त्यांच्यासमोर नीट मोठ्याने म्हणा."

आयुष्यात पहिल्यांदा मी मेकॅनिककडे बिघाड वाढवून मागत होतो. तो खुर्चीवर मागे रेलला. "शेठ," तो म्हणाला, "लोक माझ्याकडे कमी कर म्हणून रडतत. तुमका काय झाला?"

तेवढ्यात टॅक्सीतून साडू उतरला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहरा शोकसभेला आल्यासारखा. मी त्याला लाल दिवा दाखवला, जसा एखाद्याला आपला नातू दाखवतात. त्याने चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला.

"मी चालवत होतो तेव्हा हा नव्हता."

"तुम्ही चालवत कुठे होता? तुम्ही पुसत होता."

"गप ऱ्हवा दोघांनी," इलेक्ट्रिशियन म्हणाला. इंजिनातून मधूनमधून कुत्र्याचं पिल्लू केकाटल्यासारखा आवाज येत होता, तो त्याला ऐकायचा होता. "बेल्ट सरकता." त्याने इंजिन बंद करायला लावलं, टॉर्च धरली आणि ज्या चाकावरून बेल्ट अल्टरनेटरला फिरवतो, त्या चाकाच्या फटीत लांब चिमटा घातला. चिमट्याला दोरा लागला. तो ओढत गेला, दोरा येत गेला. दोऱ्यासोबत केशरी लगदा यायला लागला.

साडूने वाकून वास घेतला. "झेंडू," तो म्हणाला.

झेंडू म्हटल्यावर मला दसरा आठवला. माझे वडील गिरणीत मागावर होते. दसऱ्याला हार मागाला घालायचे, थेट यंत्राला. खात्याच्या दाराला घालून भागवायचे नाहीत. तेव्हापासून बॉनेटवर हार घालणाऱ्या लोकांना मी हसत आलोय. यंत्र आत आहे, तुम्ही झाकणाची पूजा काय करता? मी दसऱ्याला बॉनेट उघडून खुद्द इंजिनाला हार घातला होता, आणि रस्त्यावर पडू नये म्हणून चांगल्या दोन गाठी मारल्या होत्या. उतरवायचा राहिला. तो सैल होऊन चाकात गेला आणि बेल्टला जागेवरून ढकलून बसला.

हे मी सांगितलं. सांगावंच लागलं. इलेक्ट्रिशियन हसत हसत खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. मग मलाही हसू फुटलं, आवरेना, आणि त्या हसण्यात साडू शांतपणे म्हणाला, "जेवढ्याला घेतलीत तेवढ्याला परत द्या. तुमची फसवणूक मला बघवत नाही. आत्ता घेऊन जातो."

माझं हसू थांबलं.

"नाही देणार."

"खोट असलेला माल ठेवून घेणारा व्यापारी मी पाहिलेला नाही."

"मी पण नाय," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

गाडी हवी तर भांडण सोडायला हवं, हे मला कळलं. साडूला ते आधीच कळलं होतं. त्याची अट अशी, की मी दोघी बहिणींना फोन लावून सांगायचं: 'गाडी उत्तम आहे आणि मी ती फुकटात लाटली.' मी 'लाटली' काढायला लावलं. तो 'फुकटात'वर अडून बसला. मी उठून निघाल्यासारखं केलं. तोही उठला, टॅक्सीला हात करायला लागला. हे तो माझ्याकडूनच शिकला होता. 'उत्तम'चं मी 'चांगली' केलं, 'फुकटात'चं 'योग्य भावात'. बदल्यात त्याने पुन्हा कधी 'आहेर' म्हणायचं नाही, असं ठरलं. बेल्ट जागेवर बसून घट्ट होईपर्यंत आमचा सौदाही बसला.

फोनवर मी म्हणालो, "गाडी चांगली आहे आणि योग्य भावात मिळाली."

"हे आम्हाला केव्हापासून माहीत आहे," बायको म्हणाली. ती आज माटुंग्याला बहिणीकडेच होती; मेव्हणी मागून हसत होती. "येताना कोथिंबीर आणा."

इंजिन सुरू केलं, दिवा विझला. साडूला घेऊन मी माटुंग्याच्या रस्त्याला लागलो. पुढच्या सत्यनारायणाला एकमेकांशी बोलायचं काय, हा प्रश्न मला पडला होता. त्यालाही पडला असावा, कारण सारखा घसा खाकरत होता. शेवटी त्याच्या सोसायटीत शिरताना तो म्हणाला, "तुम्ही गाडी फार तिरकी लावता, शेठ."

"तुमचं गेटच वाकडं आहे," मी म्हणालो, आणि मला एकदम बरं वाटलं.