एकरकमी नको

सुरतेतली बमरोलीची खोली सोडली तेव्हा गॅसची शेगडी, दोन बोचकी आणि मांडीवर बसलेली प्राची बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "शिफ्टिंग है, बेन?" मी म्हटलं, "हां, शिफ्टिंग." प्राचीचे पप्पा दारात उभे होते. पुढे होऊन त्यांनी एक बोचकं रिक्षात चढवून दिलं, आणि मला त्या मदतीचाच जास्त राग आला.

वहिनी, तुम्ही गावाकडून अजून विचारता, अशी काय भानगड झाली म्हणून. भानगड काहीच नव्हती. दारू नाही, मारहाण नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस आणि दिवसभर साड्यांना लेस लावून वैतागलेली बाई. दोघांची तोंडं मागासारखी चालू, आणि माग निदान वीज गेली की थांबतो. आमच्या आवाजानं प्राची कानांवर हात ठेवायला लागली, तेव्हा मी निघाले.

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आई म्हणाली होती, "रडू नको, माय. सुरत काय दूर शे?" दूर नाहीच. पण शिंदखेड्याहून बमरोलीला येताना लागलं नाही तेवढं धैर्य बमरोलीहून सुरतेतच गोडादऱ्याला यायला लागलं. तेव्हा निरोपाला अख्खी गल्ली होती. या वेळी रिक्षावाला होता.

मग समाजातल्या एका काकांच्या घरी बैठक बसली. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पोरीच्या नावानं एकदाच रक्कम द्यायची, फारकत करायची, मग बाप पुन्हा त्या दाराशी येत नाही. दादा खास गावाहून आला होता. त्यानं घरी जाऊन तुम्हाला काय सांगितलं कोण जाणे, पण रक्कम ऐकून त्याचा चेहरा खुलला होता. "पैसा ली ले नि मोकळी हुई जाय," तो मला म्हणाला.

रक्कम थोडी नव्हती. खोटं कशाला बोलू, माझाही घ्यायचा जीव झाला होता. पण प्राची रोज संध्याकाळी शेजारच्या पोरींच्या गुजरातीत विचारायची, "पप्पा क्यारे आवशे?" ते पैसे घेतले असते तर 'कधी येणार' याचं उत्तर 'कधीच नाही' हे तिला मलाच सांगावं लागलं असतं.

मी उभी राहिले. "पोर काय म्हैस शे का, पैसा मोजात नि दोर सोडी दिन्हा?" काका खोकले. दादानं डोळे वटारले. मी थांबले नाही. "मले एकरकमी नको. दर महिनाले द्या, थोडा द्या, पन स्वतः घर ईसन द्या."

प्राचीचे पप्पा इतका वेळ खाली बघत होते. ते म्हणाले, "दिवाईले कारखाना बंद ऱ्हास. तवय काय?"

सगळ्यांना वाटलं, आतापासूनच टाळाटाळ सुरू झाली. मला उलट धीर आला. ज्याला द्यायचंच नसतं तो दिवाळीची काळजी आधीच कशाला करेल? मी म्हटलं, "तवय पैसा नको. पोरले गावले ली जा." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

वकीलबाईंकडे तसं लिहून घेतलं. शाळा, व्हॅन, दूध, दवाखाना, निम्मं त्यांचं, निम्मं माझं. आकडा सांगत नाही, गावभर होईल. बाई म्हणाल्या, पालनपोषणाचा हक्क पोरीचा असतो, तो आईबापाला परस्पर सोडून देता येत नाही. हे मी दादाला फोनवर दोनदा ऐकवलं.

पगारानंतरच्या रविवारी ते येतात. सुरुवातीला दारातूनच पैसे देऊन निघायचे, चहालाही नाही म्हणायचे. एकदा पैसे फोनवर टाकले आणि रविवार चुकवला. मी लगेच फोन लावला. "पैसा ऊनात, बाप नही ऊना." संध्याकाळी आले बिचारे, चिकू घेऊन. दिवाळीला प्राचीला गावी नेलं, तेव्हा ती दोन दिवसांत अहिराणी शिकून आली आणि आता मलाच दटावते.

आम्ही पुन्हा एकत्र येऊ असं तुमच्या मनात असेल तर काढून टाका, वहिनी. ते होणार नाही, आणि त्याचं आता वाईटही वाटत नाही.

गेल्या रविवारी साड्या पोचवायला गेले आणि यायला उशीर झाला. घरी आले तर प्राचीचे पप्पा लसूण सोलत होते आणि प्राची त्यांना पाढे म्हणायला लावत होती, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मी खिचडी टाकली. तिघं जेवलो. तिच्या शाळेतल्या बाईंबद्दल, तिच्या पडलेल्या दाताबद्दल बोललो. कुणाचाच आवाज चढला नाही. ते चपला घालून निघाले, आणि जिन्यावरून परत आले.

"पैसा ली ले ना. भूली गई का?"

खरंच विसरले होते. बमरोलीत भाजीपुरते पैसे मागायचे तरी मी सकाळपासून शब्द जुळवायचे. इथे मागायचं लक्षातच राहिलं नाही. आईला सांगा, तिच्या पोरीला घर मिळालं. भाड्याचं आहे, पण मिळालं.