एकटा सदस्य
दिग्रसला ‘सेवाबंधू मंडळ’ स्थापन झालं, तेव्हा मोटारपंपाचे मिस्त्री जब्बारभाई तिथे फक्त माइक दुरुस्त करायला गेले होते. नियमाला वीस माणसं हवी होती आणि एकच कमी पडत होता, म्हणून त्यांचंही नाव लिहिलं गेलं. बाकी एकोणीस जणांनी एकोणीस पदं वाटून घेतली. साधे सदस्य उरले एकटे जब्बारभाई.

पहिली सेवा म्हणून बसस्टँडवरची पाण्याची टाकी धुवायची ठरली. एकोणीस भाषणं झाली, पण टाकीला कोणी हात लावेना. जब्बारभाई वैतागले.

“अध्यक्षसाहेब, ठरावावर मत कोण देते?”

“सदस्य,” भगवानरावांनी नियमावली वाचली. “पदाधिकाऱ्याले मत नाही.”

“मंग माहा ठराव आयका. ज्यानं भाषण देलं, त्यानं टाकी घासावी. मंजूर!”

भगवानराव पँट दुमडून टाकीत उतरले, बाकीचे अठरा बाहेरून घासू लागले. जब्बारभाईंना आयुष्यात पहिल्यांदाच भाषण द्यावंसं वाटलं, पण टाकीत अजून जागा होती, म्हणून ते गप्प राहिले.