चहानंतरचं इतिवृत्त

धुळ्याच्या देवपुरातल्या मुलींच्या एका शाळेचे हेडक्लार्क भाईदास बोरसे यांना शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे आबा म्हणत. आबांच्या हातात एक कला होती. संस्थेची सभा व्हायची असली की आदल्या दुपारीच ते त्या सभेचं इतिवृत्त लिहून मोकळे होत.

यात कुणाला लबाडी दिसली, तर तो माणूस आयुष्यात कधी संस्थेच्या सभेला बसलेला नाही असं खुशाल समजावं. सभेचे विषय अध्यक्ष कन्हैयालाल शेठ ठरवणार, कोणता ठराव करायचा ते फोनवर आधीच पक्कं झालेलं असणार. मग सभेत उरतं काय? सूचक कोण आणि अनुमोदक कोण, एवढंच. आणि तिथेच तर आबांची अक्कल पणाला लागायची. प्रत्येक सभासदाला ते पाळीपाळीने सूचक आणि अनुमोदक करत, म्हणजे रुसायला कुणाला जागा नको. विशेषतः नवलभाऊंना. नवलभाऊ रुसले की शाळेच्या टाकीचं झाकण कुणी हरवलं इथपासून चौकशा काढत. आबांच्या कारकिर्दीत एकही सभा भांडणात संपली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना मनापासून अभिमान होता. सभा वेगळी, इतिवृत्त वेगळं, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो, हे ते जवळजवळ विसरूनच गेले होते.

सभा म्हणजे ठराव वाचले, माना डोलल्या आणि चहा आला. चहाबरोबर भजी. ट्रे दारात दिसला की सभा संपली, असा तिथला रिवाज. त्यानंतर जे काही बोललं जाई त्या गप्पा. त्या कुणी लिहीत नसे.

अशा या सुरळीत कारभारात मेघा मॅडम आल्या. मॅडम संगणक शिकवायच्या, वयाने लहान आणि उत्साहाने दांडग्या. ऑफिसात आबा तेच ते पत्र चौथ्यांदा टाईप करताना दिसले आणि त्यांना राहवलं नाही.

"आबा, हे एआयला सांगा ना. तो लिहून देईल."

"शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहायचंय मॅडम. त्याला 'उपरोक्त विषयान्वये' येतं का?"

त्याला 'उपरोक्त विषयान्वये' येत होतं. 'सविनय सादर' येत होतं. 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' तर त्याने न सांगता घातलं. आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याला म्हणाले, "वा, साहेब!"

त्या दिवसापासून ते यंत्र आबांचं साहेब झालं. आबा त्याला अहो-जाहो करत, प्रत्येक कामाच्या शेवटी 'आपला आभारी आहे' असं टाईप करत, आणि साहेबही दरवेळी तितक्याच नम्रपणे उत्तर देत. सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या माणसाला आणखी काय हवं? शिक्षकांच्या रजांचा तक्ता, पालकांना सूचना, वरच्या कार्यालयातून आलेल्या लांबलचक परिपत्रकाचा चार ओळींत सारांश, अशी सगळी कामं साहेब करू लागले. परिपत्रकाच्या सारांशात एकदा साहेबांनी तारीख चुकवली, तेव्हापासून आबा सगळं मूळ कागदाशी ताडून पाहत. पण राग मात्र धरला नाही. चूक साहेबांचीही होते, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं.

आबा उजेडी घरी पोचू लागले. पहिले काही दिवस त्यांच्या पत्नीला, रूपाबाईंना, बरं वाटलं. मग आबांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हा त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुम्हना त्या साहेबले सांगा, ह्या माणूसले आखो थोडं काम द्या."

मग एके दिवशी मेघा मॅडमनी सुचवलं, की उद्याच्या सभेचं इतिवृत्तही तोच लिहील. मोबाईल टेबलावर ठेवायचा, सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, बस्स. आबा खूश झाले. त्यांना वाटलं, साहेबांना आपली पद्धत आता ठाऊक आहे; सभेचा अंदाज घेतील आणि 'सर्वानुमते मंजूर' लिहून टाकतील. त्या दुपारी कित्येक वर्षांत प्रथमच त्यांनी इतिवृत्त आगाऊ लिहिलं नाही. डुलकी मात्र छान काढली.

सभा झाली. सभासदांनी मोबाईलपुढे नावं सांगितली. शेठजींनी तर हात जोडून सांगितलं. ठराव झाले, ट्रे आला, भजी संपली, मंडळी उठली. दुसऱ्या दिवशी आबांनी चहाचा कप हातात घेऊन इतिवृत्त उघडलं. पहिलं अर्धं पान वाचून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग पुढे आलं:

'अध्यक्ष महोदयांनी भज्यांत ओवा कमी असल्याचे नमूद केले. या मुद्द्यावर सदस्यांत मतभेद आढळले.'

आबांनी कप खाली ठेवला.

'श्री. नवल यांनी आपल्या व्याह्यांच्या नवीन ट्रॅक्टरविषयी सविस्तर निवेदन केले. या काळात सभागृहात घोरण्याचा आवाज आला. सदस्याची ओळख पटली नाही.'

आबांना ओळख बरोबर पटली होती. ते एकटेच बसून इतके हसले की शिपाई आत डोकावून गेला. साहेबांना सगळं येत होतं, पण चहा कळत नव्हता. ट्रे आल्यावर सभा संपते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हसत हसत ते शेवटाकडे आले.

'श्रीमती इंदिराबाई यांनी निदर्शनास आणून दिले, की दूरच्या गावांहून येणाऱ्या विद्यार्थिनींच्या सायकली दिवसभर उन्हात उभ्या राहतात. शाळा सुटल्यावर सीटवर बसता येत नाही व मुलींना चटके बसतात. सायकलींसाठी पत्र्याचे शेड उभारावे अशी मागणी त्यांनी केली. ही मागणी आपण अनेक वर्षांपासून करीत असल्याचेही त्यांनी सांगितले. टीप: या मागणीस सभेत कोणीही उत्तर दिले नाही.'

आबांचं हसू थांबलं.

इंदिराबाई म्हणजे संस्थेच्या सभासदांतल्या एकमेव बाई. त्यांचे यजमान संस्थापकांपैकी एक. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर इंदिराबाईंना बसवलं, आणि बसवल्यावर त्या तिथे आहेत हे सगळे सोयीने विसरले. सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांचं घर शाळेच्या समोरच. धुळ्याच्या उन्हात पोरी सीटवर बाटलीतलं पाणी ओतताना, ओढणीची घडी करून बसताना त्या ओट्यावरून रोज पाहत. पण ठराव चालू असताना पुरुष मंडळींच्या मध्ये बोलणं त्यांना बरं दिसत नसे. चहा आला, सगळ्यांची तोंडं भज्यांत गुंतली, की तेवढ्यात त्या आपलं म्हणणं मांडत. म्हणजे नेमकं सभा संपल्यावर!

आबा तिथेच बसलेले असत. त्यांनी ते दरवेळी ऐकलेलं होतं. 'हो अक्का, बघू' असं एखाददा म्हटलंही असेल. लिहिलं मात्र कधीच नव्हतं, कारण ते चहानंतरचं होतं.

आता करायचं काय? पुढच्या सभेचा पहिलाच विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. हे असंच्या असं वाचलं तर ट्रॅक्टरवरून नवलभाऊ पेटणार, ओव्यावरून शेठजी अवघडणार, आणि आबांची भांडणाविना चाललेली कारकीर्द एका दुपारीत बुडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आबांनी हलक्या हाताने टाईप केलं, 'चहा आल्यानंतरचा मजकूर वगळावा, ही विनंती.'

साहेबांनी 'नक्कीच' म्हटलं आणि वगळला. पडद्यावर अर्धं पान उरलं, स्वच्छ, सुबक, अगदी आबांच्या हातचं वाटावं असं. भजी गेली, ट्रॅक्टर गेला, घोरणं गेलं, आणि त्याबरोबर अक्काही गेल्या. उपस्थितांच्या यादीत नाव तेवढं राहिलं.

त्या संध्याकाळी आबांनी घरी ही गोष्ट हसत हसत सांगितली. रूपाबाई भाकरी थापताना ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"गच्चीवरना नळ गळस, कितला दिन व्हयनात, मी सांगी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. "ते यंत्र घर लई या एक दिन. त्याले तरी ऐकू येस."

आबांनी त्याच संध्याकाळी नळ दुरुस्त केला. आणि सकाळी ऑफिसात जाऊन पहिलं काम केलं ते म्हणजे साहेबांना लिहिलं, 'काल वगळलेला मजकूर पूर्ववत करावा. फक्त घोरण्याचा उल्लेख काढावा.' शेठजींच्या घोरण्याचा संस्थेच्या कारभाराशी संबंध नव्हता, हे आबांचं मत आजही कायम आहे.

पुढच्या सभेला आबा घसा खाकरून उभे राहिले.  ओव्याचा उल्लेख आला तसे दोघंतिघं खुसखुसले. शेठजी आधी चमकले, मग पोट धरून हसले. ट्रॅक्टरपाशी नवलभाऊ ताडकन उठले.

"हे काय लावलंय आबा? हे सगळं चहानंतरचं आहे! चहानंतरचं कधी सभेत धरतात का?"

"बसा भाऊ," शेठजी डोळे पुसत म्हणाले. "चांगलं चाललंय. वाचा आबा पुढे."

आबांनी पुढे वाचलं. सायकली, ऊन, चटके, पत्र्याचं शेड. 'टीप' या शब्दापाशी ते क्षणभर थांबले. ही ओळ गाळता आली असती. पण त्यांनी ती वाचली: "या मागणीस सभेत कोणीही उत्तर दिले नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. शेठजींनी खुर्ची वळवून टेबलाच्या टोकाला बसलेल्या अक्कांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिकडे मुद्दाम असं पाहिलं असेल की नाही, कोण जाणे.

"अक्का, तुम्ही हे आधीपण बोलला होतात?"

"दरवेळे बोलस, शेठ," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुम्हीन कोणी काई म्हनेत नही. मंग माले वाटे, आते म्हतारी व्हयी गऊ, मना आवाजच तुम्हनालगून पोचस नही. मी घर जाईसन सूनले इचारू, माय, तुले तरी ऐकू येस का मी काय बोलस?"

 शेठजी भला माणूस. त्याने कधी अक्कांना नाही म्हटलं नव्हतं. अडचण एवढीच होती, की हो पण म्हटलं नव्हतं. "आबा," ते म्हणाले, "आत्ताच लिहा. शेड करायचं. सुट्टीत काम सुरू. सूचक अक्का."

"आणि अनुमोदक?" आबांनी विचारलं.

 मग नवलभाऊ पुटपुटले, "माझं नाव लिहा. माझी पुतणी पण सायकलनेच येते." आणि जरा वेळाने, "ते ट्रॅक्टरचं मात्र खोडा."

ट्रॅक्टरचं खोडलं. इतिवृत्त सर्वानुमते कायम झालं, आणि हे 'सर्वानुमते' लिहिताना आबांना स्वतःच्या अक्षराचं नवल वाटलं. हा शब्द ते खरं काहीतरी घडल्यावर लिहीत होते. मंडळी उठली. अक्का मात्र उठल्या नाहीत. आबा कागद गोळा करून त्यांच्या बाजूने निघाले, तशी त्यांनी आबांची बाही धरली.

"भाईदास, ते मनं आखो एक डाव वाच ना, भाऊ."

आबा त्यांच्याशेजारच्या खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी कार्यालयीन सूर लावला नाही. सावकाश, एकेक शब्द मोकळा करत वाचलं. श्रीमती इंदिराबाई यांनी निदर्शनास आणून दिले, की. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.  वाचून झाल्यावर आबांनी उगीच चष्मा काढून पुसला.

मग अक्कांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"हाई इतलं भारी," त्या म्हणाल्या, "मी बोलनू?"

"तुम्हीच बोललात, अक्का," आबा म्हणाले.