मुद्देमालातली गाय

एक आजारी गाय मी मुद्देमाल ठरवली आणि भलत्याच गोठ्यात बांधायला लावली. पोलीस खात्यात मी पुष्कळ घोळ घातले. पण हा आठवला की आजही अंगावर काटा येतो.

श्रीगोंदा तालुक्यातलं गाव. जनावरांच्या लंपी रोगाची साथ आल्याचं मोबाईलवर फिरत होतं, पण आमच्या हद्दीत ती अजून कुणी पाहिली नव्हती. एका शेतकऱ्यानं ठाण्यात तक्रार दिली, की बांधाच्या वादातून पुतण्यानं माझ्या गाईवर तणनाशक मारलं. जाऊन पाहिलं, तर गाईच्या अंगभर सुपारीएवढ्या गाठी, तोंडातून लाळ. पुतण्याच्या घरात फवारणीचा पंप सापडला. शेतकऱ्याच्या घरात पंप नाही तर काय तोफ सापडणार? पण मी मोठ्या रुबाबात तो जप्त केला, पंचनामा केला आणि पुरावा नाहीसा होऊ नये म्हणून गाय गावच्या पोलीस पाटील बाईंच्या ताब्यात दिली.

"साहेब, माझी गाय गाभन हाय. ही आजारी शेजारी नको," बाई म्हणाल्या.

"सरकारी काम आहे, पाटीलबाई."

पुढे आठवडाभर पुतण्याला चौकशीला बोलावत राहिलो. दरडावलं, चहा पाजला. त्याचं एकच, "भांडन चुलत्याशी हाय, साहेब. त्या गाईचं दूध पिऊनच वाढलोय मी." खोटं बोलणारा रोज काहीतरी नवीन जोडतो. हा काहीच जोडत नव्हता. मी त्यावरून त्याला मुरलेला गुन्हेगार ठरवलं.

तो समोर बसलेला असतानाच बाईंचा फोन आला. "आरोपी तुमच्यापुढंच हाय ना? मग माझ्या गाईला गाठी आल्यात, तिच्यावर कुनी फवारलं?"

जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन गोठा गाठला. बाईंची गाय मान टाकून उभी होती, रवंथ बंद. डॉक्टरांनी ताप पाहिला, खांद्यापुढची सूज चाचपली, खपलीचे आणि रक्ताचे नमुने घेतले. "खात्री प्रयोगशाळा करील, पण लक्षणं लंपीचीच आहेत. चावणाऱ्या माशा, डास, गोचीड हा विषाणू नेतात."

मी वर पाहिलं. मुद्देमालाच्या पाठीवरून उठलेल्या माशा गोठाभर घोंघावत होत्या. शेजारच्या दावणीला कुणाचं तरी जनावर हंबरलं. एक माशी माझ्या बाहीवर बसली, आणि तिला हाकलायची हिंमत होईना. इथून उठून ती कुणाच्या गोठ्यात जाईल?

अहवाल लंपीचाच आला. पुतण्याला हात जोडून घरी पाठवलं. गावातल्या धडधाकट जनावरांना लसी टोचल्या, काष्टीचा जनावरांचा बाजार बंद झाला. चुलत्याची गाय दगावली. तिच्यासाठी खड्डा खणायला पुतण्याच पुढे होता. बाईंची गाय वाचली, पण गाभडली, पोटातलं वासरू गेलं.

आरोपी आधी ठरवला की घरातला पंपसुद्धा हत्यार दिसतो, हे मी तिथे शिकलो. बदली झाल्यावर निरोप घ्यायला बाईंकडे गेलो आणि गाईच्या पाठीवर हात ठेवायला वाकलो.

"लांबूनच बघा, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा माशी परवडली. ती पंचनामा करून रोग आनत न्हाई."