आत्याच्या अक्षरातली यादी

माझ्या आत्याने सदतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहिली, म्हणून गल्लीत तिचं नाव कार्डआत्या पडलं. तिला ते आवडायचं नाही, आणि आवडत नाही हे लोकांना कळल्यावर तर ते कायमचंच चिकटलं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर तिने चिठ्ठी लावली होती, तरी साखर काढताना आधी झाकण उघडून वास घ्यायची. मी एकदा म्हणालो, "अगं, चिठ्ठी तूच लिहिली आहेस ना?"

"म्हणून तर बघते," ती म्हणाली.

निवृत्त होऊन सोळा वर्षं झाल्यावर वाचनालयाने तिला परत बोलावलं. मागच्या बाजूला राजकारणाच्या पुस्तकांचं नवं दालन बांधून झालं होतं. डाव्या भिंतीला डाव्या विचारांची पुस्तकं, उजव्या भिंतीला उजव्या विचारांची, म्हणजे शाळेतल्या मुलांना आत शिरताच समजेल, अशी समितीतल्या कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेली कल्पना. वायरिंगचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मी शिडीवरून पाहिला.

दोन दिवसांत दोन्ही भिंती भरल्या. घोडं अडलं ते शेवटच्या एकेचाळीस पुस्तकांपाशी. ही सगळी फॅसिझमवरची होती, आणि त्यांतली निम्मी आमच्याच गणवेशवाल्यांवर. आमच्याकडे साडेचार वर्षं ज्यांनी राज्य केलं, त्यांना लोक आजही नुसतं 'गणवेशवाले' एवढंच म्हणतात. मी तेव्हा लहान होतो. ते आले त्याच वर्षी माझ्या बाबांना घरातून नेलं, आणि मी सात वर्षांचा झालो तेव्हा बाबा परत आले, डाव्या कानाने ऐकू येईनासं होऊन.

समितीतले मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पुस्तकं उचलून थेट डाव्या भिंतीकडे न्यायला सुरुवात केली. "यांच्या पक्षाच्या नावातच कामगार होता. कारखान्यात किती माल काढायचा ते सरकार सांगणार, पोरांनी काय वाचायचं ते सरकार सांगणार. एकट्या माणसाला किंमतच नाही. हे डावेच झाले, दुसरं काय?"

आप्पा कापड गिरणीच्या युनियनचे जुने सेक्रेटरी. त्यांचा आवाज आधीच चढलेला. "मास्तर, वेड लागलंय का तुम्हाला? आमच्या कचेरीला कुलूप कोणी लावलं? संप केला तर तुरुंग, असा कायदा कोणी काढला? उजवीकडे ठेवा आणि विषय संपवा. आमचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही."

अध्यक्ष होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी मधला मार्ग काढला. पुस्तकं मधल्या टेबलावरच राहू द्यावीत, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

"हेच ते स्वतःबद्दल सांगत फिरायचे," आत्या म्हणाली. "आम्ही डावे नाही, उजवे नाही, आम्ही फक्त देश. चौकाचौकात पत्रकं लावली होती. त्यांनी स्वतःवर लावलेली चिठ्ठी आपण कशाला जपायची?"

मग निर्णय तिनेच द्यावा असं ठरलं. ती म्हणाली, उद्या सांगते.

त्या संध्याकाळी तिने ताट तसंच बाजूला सारलं. बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिली आणि मग म्हणाली, "माझ्याकडे पुरावा आहे रे. पण तो बाहेर काढला तर तू माझ्याशी बोलशील की नाही, याची मला खात्री नाही." मी हसण्यावारी नेलं. आत्याला नाटकी बोलायची सवय नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर एक कापडी फाइल ठेवली. आत पिवळे पडलेले सात कागद होते. कार्बन ठेवून लिहिलेली यादी, अक्षर आत्याचं. छापल्यासारखं सरळ.

"तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्यांचं राज्य येऊन तीन आठवडे झाले होते. एक गणवेशवाला आला, नको असलेली पुस्तकं काढून द्या म्हणाला. आमच्या ग्रंथपालांनी ते काम मला दिलं. दोनशे बारा पुस्तकं निघाली. ती कोणत्या क्रमाने मागितली तेवढं बघा."

तिने बोट ठेवत वाचून दाखवलं. आधी युनियनची पुस्तकं. त्यानंतर समाजवादाची, मग बायकांच्या मताधिकाराची, मग परक्या मुलखातून आलेल्या लोकांनी लिहिलेली. सगळी माणसं सारखी आहेत असं जिथे जिथे लिहिलं होतं, ते ते गेलं. गिरणीमालकांची चरित्रं जागच्या जागी राहिली. लढायांची, घराण्यांची, जुन्या वैभवाची पुस्तकं तर पुढच्या कपाटात आणून लावायला सांगितली.

"मास्तर, नाव बघून पुस्तक लावायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी एकदा 'पेटीची चावी' सुतारकामाच्या कपाटात ठेवलं होतं. निघाली प्रेमकथा. एका सुताराने ती तीनदा नेली, ती गोष्ट वेगळी." डॉक्टरीणबाई हसल्या. आत्या हसली नाही. "सरकारचा हात सगळीकडे होता, हे तुमचं खरंच आहे. पण तो हात कोणाच्या मानेवर होता आणि कोणाच्या पाठीवर, ते बघा. पुस्तकं उजव्या भिंतीला जातील."

आप्पांनी विजयाने मास्तरांकडे पाहिलं. तेवढ्यात आत्या त्यांच्याकडे वळली. "तुम्ही एवढे खूश होऊ नका, आप्पा. त्यांचा पुढारी आधी तुमच्याच मोर्चात घोषणा द्यायचा, आणि तुमच्या गिरणीतले निम्मे लोक पहिल्याच वर्षी गणवेश घालून आले. उजव्या भिंतीला लावलं म्हणजे तुम्ही हात झटकले असं होत नाही. आणि जिथे तुमच्या विचारांच्या लोकांनी माणसं तुरुंगात घातली, तिथली पुस्तकं डाव्या भिंतीलाच राहतील, अगदी डोळ्यांसमोर. तिथेही माझ्यासारखी कोणीतरी बसून याद्या करतच होती."

"तुमच्यासारखी म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आत्याने शेवटचा कागद पुढे केला. त्यावर पुस्तकांची नावं नव्हती, माणसांची होती.

त्या वेळी प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या खिशात एक कार्ड असायचं आणि पुस्तक नेणाऱ्याचं नाव त्यावर लिहिलं जायचं. पुस्तक बाद केलं की कार्ड काढून यादीला जोडायचं, वर नावांचा गोषवारा द्यायचा, असा वाचनालयाचा नियम. गणवेशवाल्याने फक्त पुस्तकं मागितली होती. कार्डं त्याने मागितली नव्हती, त्याला ती असतात हेसुद्धा माहीत नव्हतं.

"मी नियमाप्रमाणे जोडली," आत्या म्हणाली. "काम अर्धवट द्यायची मला लाज वाटली. टाचणी लावली, सही केली. ग्रंथपालांनी शाबासकीही दिली. पुढच्या आठवड्यात त्यातल्या अकरा जणांना उचललं. सात परत आले."

मी शिडीवरून उतरून कागद हातात घेतला. चौथ्या ओळीत आठ तासांच्या कामावरचं एक पातळ पुस्तक होतं आणि त्याच्यापुढे माझ्या बाबांचं नाव, पत्त्यासकट. तो पत्ता आमच्या घराचा होता, आणि आत्या तेव्हा त्याच घरात राहत होती. मी पक्कड खिशात घातली आणि बाहेर पडलो.

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू? एकदा वाटायचं, बावीस वर्षांच्या मुलीला काय कळणार? मग बाबांची मान आठवायची, उजवा कान पुढे यावा म्हणून कायम डावीकडे वळवलेली. पाचव्या दिवशी मी तिच्या दारात उभा राहिलो आणि एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

ती साखरेचा डबा हातात धरून उभी होती. तो तिने खाली ठेवला.

"सुटून आल्यावर आठवड्याभरात दादा वाचनालयात आला. जुनं सभासदत्व रद्द झालेलं. मी त्याला नवीन कार्ड लिहून दिलं. त्याने ते वाचलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, 'अक्षर अजून तसंच सुंदर आहे हं तुझं.' गणवेशवाल्यांच्या चौकशीत ती यादी समोर ठेवलेली असायची, हे मला मागाहून दुसऱ्या एका सुटून आलेल्याने सांगितलं. त्यानंतर तीस वर्षं तो दर शनिवारी माझ्याच टेबलापाशी येऊन पुस्तक नेत होता. मी एकदाही तोंड उघडलं नाही. तो गेला, आणि राहूनच गेलं."

मला बाबांचे शनिवार आठवले. घराजवळ दुसरं वाचनालय होतं, चांगलं होतं, तरी ते एवढं लांब चालत जायचे. परतीच्या वाटेवर मला त्यांच्या उजव्या बाजूने चालायला लावायचे, आणि मला वाटायचं आत्याकडे फुकट पुस्तकं मिळतात म्हणून हा खटाटोप.

पुढच्या आठवड्यात दालन उघडलं. एकेचाळीस पुस्तकं उजव्या भिंतीला लागली. शेजारी काचेच्या चौकटीत ते सात कागद, आणि त्यांच्यावर मी एक छोटा दिवा बसवला. चौकटीखालची चिठ्ठी आत्याने स्वतः लिहिली. गणवेशवाल्यांनी कोणती पुस्तकं नेली ते दोन ओळींत, आणि तिसऱ्या ओळीत 'यादी करणारी' असं लिहून पुढे स्वतःचं पूर्ण नाव. मास्तर म्हणाले, नाव कशाला, उगाच लोक बोलतील. आत्या म्हणाली, बोलू देत.

मी दिव्याचं बटण दाबलं. चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या काचेपाशी वाकली आणि चिठ्ठीत काही चुकलंय का ते पाहू लागली. ओळी अजूनही सरळ होत्या.

"आत्या," मी म्हणालो, "अक्षर अजून तसंच आहे हं तुझं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. काचेवरून हात फिरवत तो चौथ्या ओळीपाशी नेला आणि तिथेच ठेवला. दालन बंद करायची वेळ झाली तरी आम्हाला कोणी हटकलं नाही.