घरच्या मतदानाचा फॉर्म

माझे आबाजी, शालिग्राम, इकडे हिंदी मुलखात रेल्वेत गँगमन होते. अडतीस वर्षं रूळ ठोकले. साहेबाची ट्रॉली आली की बाजूला व्हायचं, खाली बघायचं. "फक्त मतदानाले तो माह्या मांगं उभा होता," आबाजी सांगायचे. "घाम पुसून राह्यला, घडी पाहून राह्यला. मी मुद्दाम हळू चाललो!" सांगताना स्वतःच साहेब होऊन मनगटाकडे बघत.

मागच्या लोकसभेला ते सत्त्याऐंशीचे. गुडघे गेलेले, त्यात मे महिना. पप्पांनी घरून मत द्यायचा फॉर्म आणला. "बाबा, टीम घरी येते. काहून उन्हात मरता?" आबाजींनी मुलाच्या शब्दाखातर सही केली खरी, पण मत द्यायचं ते रांगेत उभं राहूनच, हे त्यांचं पक्कं होतं.

टीम आली. दोन मॅडम, एक पोलीस, एक कॅमेरावाला. आबाजी संडासात, आतून कडी.

"मामाजी, निघा नं! सरकार आलं हाये!" मम्मी दार वाजवत होती.

"पोट बिघडलं."

तासाभरानं एक मॅडम वैतागून म्हणाल्या, "हम दोबारा आएँगे, बस." दोबारा आल्या तेव्हा आबाजी न्हाव्याकडे कटिंगला पळालेले. आम्ही हसून लोळलो. टीम दोनदाच येते, आणि फॉर्म मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही, हे घरात कोणाला माहीत नव्हतं. विचारलंही नाही कोणी.

मतदानाच्या दिवशी आबाजी पांढरा सदरा घालून निघाले. म्हाताऱ्यांना सरळ आत सोडत होते, तर म्हणाले, "काहून? रांग हाये न?" पाऊण तास उभे राहिले. मागं पप्पा, पाण्याची बाटली धरून.

आत अधिकाऱ्यानं यादीवर पट्टी सरकवली. "बाबाजी, आपके नाम पर तो निशान है. आपका वोट घर से था."

"घरी नाई देल्लं मी."

"टीम दो बार गई थी."

"मी आलो न आता. चालत आलो."

"नियम है बाबाजी. हम क्या करें?"

मागून कुणीतरी ओरडलं, "जल्दी करो भैया, धूप है!"

आबाजींनी डावा हात टेबलावर ठेवला. बोट पुढं केलं. "मंग शाई तरी लावा."

अधिकारी दुसरीकडे बघत म्हणाला, "वो भी नहीं लगा सकते."

पप्पांना आपलं मत द्यायचं होतंच. आबाजी बाहेर भिंतीला टेकून थांबले. आतून मशीनची लांब पीं वाजली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

ऑटोत पप्पा म्हणाले, "बाबा, चूक झाली माही. पुढच्या वेळेस मी खांद्यावर नेतो तुमाले."

"पुढची वेळ तुयी हाये, लोकेश," आबाजी पप्पांना म्हणाले, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

ऑगस्टमध्ये ते गेले.