डोसक्याचा कृष्णात

मलकापुरात कृष्णात थोरात कुठं राहतो असं विचारलं असतं तर चार माणसं बुचकळ्यात पडली असती. ‘डोसक्याचा कृष्णात’ म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. हे नाव त्याला काही हुशारीबद्दल मिळालेलं नव्हतं. कराडच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं मेलं की त्याचं डोकं उघडून आतला मेंदू काढायचा, हे कामही त्याच्याच गळ्यात पडलेलं. छिन्नी-हातोडीनं कवटी उघडायची, मेंदू ग्लिसरिनच्या बरणीत सोडायचा, बरणी भुश्शात बसवून पत्र्याचा डबा डाख देऊन बंद करायचा आणि मुंबईच्या गाडीत चढवायचा. तिकडं प्रयोगशाळेत त्या मेंदूचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. आठवड्याभरात कार्ड यायचं, की कुत्र्याला रोग होता किंवा नव्हता.

पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला गडी, त्यामुळं रक्तामांसाची त्याला शिसारी नव्हती. पण भीती होती. ती त्यानं कधी कुणाला सांगितली नाही, कारण ज्याच्या हातात छिन्नी असते त्यानं भ्यायचं नसतं अशी लोकांची समजूत असते.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर सहस्रबुद्धे. मूळचे सांगलीचे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जा यांच्या रोगांचं त्यांना वेड होतं. ऐकायला दुसरं कुणी नाही म्हणून ते सगळं कृष्णातला सांगत.

“हे विष रक्तातून जात नाही, कृष्णात. नसेतून जातं. दोरीवरून मुंगी जावी तसं, हळूहळू मेंदूकडं. तिथं पोचलं की संपलं. आपली लस त्याच्या आधी कामाला लागली पाहिजे.”

ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. चौदा दिवस, रोज एक इंजेक्शन, पोटात. शेकडो माणसं तिच्यामुळं वाचली. पण शेकड्यांत एखाद्याचे पाय दहाव्या-बाराव्या दिवशी अचानक लुळे पडत. असं का होतं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. प्रयोगशाळेनं सगळ्या दवाखान्यांना कळवलं होतं, असा रोगी आढळला तर बारीकसारीक हकिकत लिहून पाठवा. डॉक्टरांनी त्यासाठी निराळी वही घातली होती आणि तीत तीन नावं होती. “परका मेंदू अंगात गेला की अंग त्याच्याशी भांडत असावं,” ते म्हणायचे, “आणि त्या भांडणात स्वतःच्याच मज्जेवर घाव घालत असावं. पण असावं म्हणजे आहे नव्हे.”

कृष्णातला मात्र आठवायचा तो जोतीराम. तांबव्याकडचा हा धडधाकट गडी लस न घेता गावठी औषधावर राहिला आणि अडीच महिन्यांनी गाडीत घालून आणला. तहानेनं जीव चाललेला, पण पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं की गळा असा आवळायचा की चार माणसांना आवरायचा नाही. शेवटी नुसता पाण्याचा आवाज आला तरी तो थरथरायचा. पूर्ण शुद्धीत होता बिचारा. दोन दिवसांत गेला. त्या दिवसापासून कृष्णात गावोगाव सांगत फिरू लागला. “कुत्रं चावलं तर मारू नगा. बांधून घाला. धा दिवस जगलं तर पिसाळल्यालं न्हाई, इंजेक्शनं मधीच थांबवता येत्यात. मारायची पाळीच आली तर पाठीवर मारा, डोसक्यावर न्हाई. डोसकं फुटलं की तपासायचं काय?”

“म्हंजी पिसाळल्यालं कुत्रं पाटावर बसवून, इचारून मारायचं व्हय?” असं कुणीतरी म्हणायचं आणि चावडी खदखदून हसायची. मग कृष्णात चिडायचा. घाबरलेला माणूस हातात येईल ते घेऊन डोक्यावरच घालतो, याचा त्याला भारी राग होता. अक्कल नाही लोकांना, असं तो घरी येऊन शालूबाईला, म्हणजे बायकोला, ऐकवायचा.

एक्केचाळीस सालचा फाल्गुन. शेजारच्या हंबीररावांच्या गुऱ्हाळावर गूळ शिजत होता. कृष्णातची अकरा वर्षांची लेक अंजना ऊस खात काहिलीजवळ बसली होती, आणि तोही तिला न्यायला तिथं आलेला. हंबीररावांचं तांबडं कुत्रं, पोरीच्या हातचं रोज खाणारं, चुलवणाच्या मागून वेडंवाकडं धावत आलं, तोंडाला फेस, आणि काही कळायच्या आत त्यानं तिच्या मनगटाच्या वर दात रोवले.

कृष्णातनं पाहिलं तो फेस. पुढचं त्याला नीटसं आठवत नसे. भिंतीला टेकून ठेवलेली पहार त्याच्या हातात कशी आली, तेही नाही. पहिल्याच घावाला कुत्रं आडवं झालं होतं. तरी तो मारत राहिला, डोक्यावरच, हंबीररावांनी मागून मिठी घालून ओढेपर्यंत. ज्याच्या अकलेचा त्याला राग यायचा तो माणूस त्या दिवशी तो स्वतः होता.

गड्यांनी कुत्रं ओढ्याच्या कडेला पुरलं. कृष्णातनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि कराडपर्यंत जवळजवळ पळतच गेला. डॉक्टरांनी जखम औषधानं जाळली, पोटात पहिलं इंजेक्शन दिलं आणि फॉर्म त्याच्याकडं सरकवला. ते फॉर्म तोच भरायचा. ‘कुत्र्याचे काय झाले’ या रकान्याशी त्याचा हात थांबला. साऱ्या तालुक्याला शहाणपण शिकवणाऱ्यानं तिथं काय लिहायचं? त्यानं लिहिलं, बेपत्ता.

दहा दिवस सगळं ठीक चाललं. अंजना रोज बापाबरोबर यायची, पोट उघडं टाकून डोळे मिटायची आणि वाटेत चिंचा मागायची. शेजारणी म्हणत, हिच्या पोटात पिल्लं होतील, आणि शालूबाई त्यांना झाडू दाखवायची. दहाव्या दिवशी परतताना पोर रस्त्यातच बसली.

“आबा, पायाला मुंग्या आल्यात.”

“चालून चालून आल्या असतील, पोरी.”

“न्हाई. आतनं आल्यात.”

दुसऱ्या दिवशी तिला उठताच येईना. अंगात ताप, पाठ दुखती म्हणून रडणं, आणि कमरेखाली चिमटा काढला तरी पत्ता नाही. लघवी तुंबली. कृष्णातनं बैलगाडीत घालून तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रबरी हातोडीनं तिच्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. वहीतल्या त्या तिघांचे गुडघे असेच निपचित पडलेले कृष्णातनं पाहिले होते. पाय त्यानंच धरले होते त्यांचे.

डॉक्टर त्याला बाहेर घेऊन आले. “हे लशीचं असेल तर पुढची इंजेक्शनं देणं म्हणजे आगीत तेल. लुळेपणा वर सरकेल, छातीपर्यंत गेला तर श्वास बंद. पण कुत्रं पिसाळलेलं असेल आणि मी लस अर्धवट सोडली, तर...” ते थांबले. “आणि कधी कधी तो रोगच असा मुकाट्यानं पायांपासून सुरू होतो. इतक्या लवकर सहसा नाही, पण होतो. कुत्र्याचं कळलं असतं तर प्रश्नच नव्हता. अजून शोध घे त्याचा. जिवंत दिसलं तरी पुरे.”

कृष्णात म्हणाला, “ते बेपत्ता न्हाई, साहेब. मीच मारलं. डोसकं फोडून.”

डॉक्टर रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. “तू?” एवढंच ते म्हणाले.

त्यानं तिथूनच बरणी उचलली आणि मलकापूर गाठलं. भर दुपारी ओढ्याच्या कडेला खणत असताना हंबीरराव येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “कृष्णात, तुला एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. त्या दिशी काहिलीतला रस उतू जाऊन कुत्र्याच्या तोंडावर पडला व्हता, असं अर्जुना गुळव्या म्हणतोय. भाजल्यालं असंल बिचारं. फेस त्याचाच असंल.”

“असंल म्हंजी? त्यानं बघितलं का?”

“धुरात नीट दिसलं न्हाई म्हणतोय. कुत्रं किंचाळलं तेवढं ऐकलं.”

म्हणजे कुत्रं शहाणंही असू शकत होतं. बांधून घातलं असतं तर आज अकरावा दिवस होता. दहा दिवस जगलं असतं, आणि आज काय करायचं हा प्रश्नच डॉक्टरांना पडला नसता. कृष्णात खड्ड्यात तसाच बसला. मग हातानं माती बाजूला करून, कवटीच्या ठिकऱ्यांतून जे हाताला लागलं ते त्यानं बरणीत गोळा केलं. त्याला ठाऊक होतं की त्यात आता काही उरलेलं नाही. असली बरणी दुसऱ्या कुणी आणली असती तर त्यानंच परत पाठवली असती. तरी डबा डाखला आणि गाडीत चढवला.

डॉक्टरांनी लस थांबवली. “हा निर्णय माझा,” ते म्हणाले, “तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.” पण रोज इंजेक्शनच्या वेळेला कृष्णात कपाटातल्या त्या उरलेल्या चार कुप्यांकडं बघायचा. द्यायला हवी होती का? सकाळी तो टाचणी घेऊन लेकीच्या पायापासून वर सरकायचा. कुठं कळतं, पोरी? हितं? हितं? पहिले तीन दिवस बधिरपणाची ती रेघ वर वर चालली. चौथ्या दिवशी बेंबीशी थांबली. आठव्या दिवशी अंजना म्हणाली, “आबा, टोचतंय की,” आणि तिच्या मांडीवर टाचणी धरून हा एवढा मोठा गडी हुंदके देऊन रडला.

त्याच दिवशी मुंबईहून कार्ड आलं. नमुना कुजलेला, तपासणीस अयोग्य.

दीड महिन्यानं पोर भिंत धरून चालली. डावा पाय थोडा ओढायची, तो पुढंही तसाच राहिला. डॉक्टरांनी सगळी हकिकत लिहिली, कितव्या इंजेक्शनला मुंग्या, कितव्या दिवशी ताप, रेघ कुठवर चढली आणि कधी उतरली. अशा शेकडो हकिकतींवरूनच कधीतरी बिनधोक्याची लस निघेल, असं ते म्हणाले. कागद पाठवायच्या आधी त्यांनी तो कृष्णातला वाचायला दिला. त्यात नाव नव्हतं. मुलगी, वय अकरा. आणि शेवटच्या रकान्यात, कुत्र्यासमोर, ‘अनिश्चित’.

“साहेब, आता तर धोका टळला न्हवं?”

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. “लशीचा टळला. दुसऱ्याचं सांगता येत नाही. दोन-तीन महिने, कधी वर्ष. क्वचित त्याहून जास्त झाल्याचीही नोंद आहे.”

तेव्हापासून कृष्णातची सकाळ ठरून गेली. कराडला निघण्याआधी तो पितळी फुलपात्र भरायचा आणि लेकीच्या हातात द्यायचा. “पी.” ती प्यायची. तो तिच्या गळ्याकडं बघायचा. पाणी खाली उतरलं की फुलपात्र पालथं घालून चालू पडायचा. शालूबाईला त्यानं सांगितलं, पायाला बरं असतं पाणी. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, तिनं कधी विचारलं नाही. वर्ष सरलं. दुसरं सरलं. लढाई संपली, गावची पोरं पलटणीतून परत आली, तरी फुलपात्र चुकलं नाही. अंजनाला साधा खोकला झाला, घसा दुखला, की त्या दिवशी दवाखान्यात कृष्णातच्या हातून पट्टी सैल बसायची. गावोगाव सांगत फिरणं मात्र त्यानं सोडलं नव्हतं. फक्त आता कुणी डोकं फोडलेलं कुत्रं आणलं तर तो चिडायचा नाही. “भ्यालास व्हय,” म्हणायचा, आणि खाली बघायचा.

सत्तेचाळीसच्या वैशाखात अंजनाचं लग्न झालं. आटपाडीचा सयाजी, पलटणीतून सुटून आलेला सरळ पोरगा, पायाचं सांगूनही त्यानं मान डोलावली होती. कुत्र्याचं कृष्णातनं सांगितलं नव्हतं. सहा वर्षांनी काय सांगायचं, आणि त्याच्या जिवाला असा घोर तरी का लावायचा? वरातीची गाडी जुंपली, बायका रडत होत्या, आणि हा घरात शिरून फुलपात्र भरून बाहेर आला. मांडवातली माणसं एकमेकांकडं बघू लागली.

“पी,” तो लेकीला म्हणाला.

अंजनानं फुलपात्र घेतलं. दोन घोट प्याली आणि थांबली. मग बापाच्या अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “आबा, मला ठावं हाय तुमी काय बघताय. दवाखान्यात निजल्याली आसताना डाक्तरांचं बोलणं मी समदं ऐकलं व्हतं.”

तिनं फुलपात्र बापाच्या हातात परत दिलं.

“मी रोज तुमच्या आदी उठायची. परसात जाऊन एक घोट पिऊन बघायची, उतरतोय का. मग तुमच्या म्होरं यायची. न्हाई उतरला, तर तुमाला कामावर धाडून मग आईला सांगायचं, असं ठरवलं व्हतं मी. तुमी बघायला नगं व्हतं.”

सहा वर्षं. रोज सकाळी घरात दोघं जण भीत होते, आणि आपण एकटेच भितोय असं त्याला वाटत होतं. अकरा वर्षांची पोर होती ती.

गाडी हलली. धुरळा बसेपर्यंत कृष्णात दारात उभा राहिला. फुलपात्रात तळाला लेकीचं उष्टं पाणी राहिलं होतं. त्यानं ते तोंडाला लावलं, पण गळ्याखाली उतरायला फार वेळ लागला.